आत बसायची रीत

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला कोठडीत टाकण्यात आलं. टाकणारे माझे वरिष्ठ होते, आणि त्याआधी त्यांनी मला चहा पाजला होता.

अकादमीतून नुकतीच बाहेर पडलेली मी उपनिरीक्षक म्हणून कोल्हापुरातल्या एका ठाण्यात हजर झाले. ठाण्याचं नाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. साहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या प्रभारी निरीक्षकांनी, माझा आदेश वाचला, बसा म्हणाले, घरची चौकशी केली. कप रिकामा झाल्यावर म्हणाले, "आता टोपी, पट्टा आन् मोबाइल हितं टेबलावर ठेवा आन् महिला कोठडीत जाऊन बसा."

"तपासून येऊ का, सर?"

"तपासायला न्हाय. बसायला. संध्याकाळच्या हजेरीपत्तोर. ज्या दाराची किल्ली तुमच्या हातात येणार, त्ये दार आतनं कसं दिसतंय त्ये ठावं नगो व्हय?"

मी हबकलेच. चेष्टा असेल म्हणून शेजारी उभ्या हवालदारांकडे पाहिलं, तर ते किल्ल्या शोधत होते. त्यांच्या चेहऱ्यावर नवल म्हणून नव्हतं. या ठाण्यात बदलून आलेला प्रत्येक अधिकारी, प्रत्येक शिपाई असाच आधी आत बसून आला होता, हे मला नंतर कळलं. हवालदारांनी मला कोठडीपर्यंत नेलं, कडक सॅल्यूट मारला, आत घेतलं, कुलूप लावलं आणि गजांच्या बाहेरून पुन्हा एक सॅल्यूट मारला. आत आधीपासून बसलेली एक बाई तोंडाला पदर लावून हा सगळा प्रकार डोळे फाडून बघत होती.

त्या दिवसाचं पुढचं सांगायचंच आहे. पण साहेबांविषयी आधी थोडं सांगितलं नाही तर तुम्हाला वाटेल, कुणीतरी विक्षिप्त माणूस होता. म्हणजे होतेच विक्षिप्त. मी त्यांच्या हाताखाली जेमतेम वर्षभर काढलं, आणि त्या वर्षात तोंडाचा आ मिटल्याचं मला फारसं आठवत नाही.

कोल्हापुरात पोलीस निरीक्षक आणि त्याला मिशी नाही, इथूनच लोकांची पंचाईत व्हायची. अंगाने काटकुळे. आवाज मात्र असा, की केबिनमध्ये बोललेलं रस्त्यापलीकडच्या सायकलच्या दुकानात ऐकू जावं. त्यात फोन कायम स्पीकरवर. ठाण्यात चोरून बोलणं सुरू झालं की चोरून बाकीचंही सुरू होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे घरून कोथिंबीर आणायचा निरोप आला की तो सगळ्या ठाण्याला कळायचा, आणि साहेब निघाले की कुणीतरी शिपाई पाठीमागून ओरडायचा, "साहेब, कोथमीर!"

नियमाला ते नियम म्हणत नसत, रीत म्हणत. आचारसंहिता हा शब्द तर त्यांना मुळीच चालत नसे. "आचारसंहिता निवडणुकीला लागती आन् निकाल लागला की उठती," ते म्हणायचे. "रीत लागत न्हाय आन् उठतबी न्हाय. ती असती."

पहिली रीत, ठाण्यात येईल तो पावणा. अनोळखी माणसाला इकडे पावणं म्हणतातच, त्यात विशेष काही नाही. पण साहेब बेड्या घालून आणलेल्यालाही म्हणायचे. "या पावणं, बसा. पाणी घ्या. मोटारसायकल कवा उचलली?" निव्वळ गोंधळून खरं सांगून टाकणारे चोर मी तिथेच पाहिले. फिर्याद द्यायला येणाऱ्याच्या खुर्चीवर साहेबांच्या घरून शिवून आणलेली गादी होती. त्यांच्या स्वतःच्या खुर्चीला काही नव्हतं. भेटायला आलेल्या बड्या पुढाऱ्यांना कुठल्या खुर्चीवर बसावं ते कळायचं नाही.

दुसरी रीत फोनची. फोन उचलला की "काय पायजे?" असं खेकसायचं नाही, "बोला, ऐकतोय" म्हणायचं. ते पाळलं जातंय का हे बघायला साहेब स्वतः घरून फोन करायचे, म्हाताऱ्याचा आवाज काढायचे आणि म्हैस हरवल्याची तक्रार द्यायचे. सगळ्या ठाण्याला ती म्हैस पाठ झाली होती. मग एके दिवशी कसबा बावड्याच्या एका खऱ्याखुऱ्या आजोबांची खरीखुरी म्हैस हरवली. ड्यूटीवरच्या शिपायाने फोनवर मोठ्याने हसून सांगितलं, "ओळखला की साहेब आवाज! सापडली म्हस, दूध काढून ठेवलंय, या न्यायला." आजोबा चरवी घेऊन ठाण्यात हजर. साहेबांनी शिपायाला एक शब्द सुनावला नाही. आजोबांपुढे हात जोडले आणि शिपायाला घेऊन दिवसभर बावड्याच्या कारखान्यामागच्या उसात म्हैस हुडकली. चिखलाने बरबटलेले दोघे म्हशीसकट परतले तेव्हा साहेब म्हणाले, "चूक माझी. खोटा फोन मी केला, म्हणून खऱ्याची किंमत गेली." तेव्हापासून त्यांनी ते खोटे फोन बंद केले. स्वतःची चूक अशी चारचौघांत मोठ्या आवाजात सांगणारा साहेब मी त्याआधी पाहिला नव्हता.

आणि तो कप. ठाण्यात दांडी तुटलेला एक कप होता. आरोपीला चहा द्यायचा तो त्यातूनच, असं कुणाच्या काळापासून चाललं होतं कोण जाणे. साहेब बदलून आले त्या दिवशी त्यांनी तो कप स्वतःला घेतला आणि आरोपींना सगळ्यांच्यातले कप द्यायला लावले. एकदा चहा पिताना मी कारण विचारलं. साहेब शाहूवाडीच्या डोंगरातल्या एका गावचे, बौद्ध घरातले. "आमच्या आज्याचा कप गावातल्या हॉटेलाच्या वळचणीला खोचलेला असायचा," ते नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाले. "त्यानं त्यो काढायचा, त्यानंच धुवायचा, परत तितंच खोचायचा. आन् माझ्या ठाण्यात येगळा कप ऱ्हाईल व्हय?"  हातातला चहा तसाच गार झाला.

आता त्या पहिल्या दिवसाकडे येते.

कोठडीतली बाई शाहूपुरीतल्या एका घरी धुण्याभांड्याला होती आणि मालकिणीचं मंगळसूत्र उचलल्याच्या गुन्ह्यात आत आली होती. चोरी तिनेच केली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ती निर्दोष ठरेल या आशेवर कुणी तिची कीव करायला नको. बराच वेळ माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तू काय केलंस गं?"

"काही नाही," मी म्हणाले.

"व्हय, आमीबी तसंच सांगतोय," ती म्हणाली आणि सरकून मला भिंतीकडची कोरडी जागा दिली.

दुपारी गावात एका मिरवणुकीत दगडफेक झाली. साहेबांसकट सगळं ठाणं बंदोबस्ताला पळालं. सॅल्यूट मारणारे हवालदार गेले, कोठडीवरची शिपाई मुलगीही गेली. तिच्या जागी मुख्यालयातून एक महिला हवालदार गार्ड म्हणून आली. कोठडीचा ताबा देताना डोकी मोजतात. "आत दोन बाया," जाणारी घाईघाईने म्हणाली. येणारीने गजांतून बघितलं, दोन भरल्या, किल्ल्या घेतल्या. आतल्या बाया कोण, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही.

उकाड्याने माझा जीव चालला होता, बाथरूमला जायचं होतं. मी नव्या गार्डला हाक मारली. "जरा दार उघडता का? मी इथली उपनिरीक्षक आहे."

"आन् मी आयजी हाय. गप बस."

"खरंच हाय वो ताई," शेजारची बाई मध्ये बोलली. "सकाळी त्या हवालदारानं सॅल्यूट ठोकून आत घातलंय तिला."

आता असलं वाक्य कुणाला खरं वाटेल? मला तरी वाटलं नसतं. गार्डने कुलूप काढलं, आत आली आणि बाईच्या थोबाडीत ठेवून दिली. "तुला कुणी इचारलं गं?" मी मध्ये पडले, "हात लावायचा नाही!" म्हणाले. दुसरी माझ्या थोबाडीत बसली.

माझे आईवडील दोघंही शिक्षक. घरी, शाळेत, कुठेही मला कुणी मारलेलं नव्हतं. अकादमीच्या मैदानावर जीव निघाला, पण हात कुणी उचलला नाही. आयुष्यातला पहिला मार मी पोलिसाच्या हातचा खाल्ला, तोही पोलीस झाल्यावर. कानात नुसती घूं घूं चालली होती. पण त्याहून मोठा धक्का होता तो त्या गार्डच्या चेहऱ्याचा. त्यावर राग नव्हता. भांडी घासून झाल्यावर हात झटकावेत तशी ती हात झटकून, कुलूप लावून निघून गेली. शेजारच्या बाईचाही चेहरा पाहिला. तिथेही नवल नव्हतं. नवल वाटत होतं ते मला एकटीला.

संध्याकाळी बंदोबस्तावरून सगळे परतले. हवालदारांनी दार उघडून मला सॅल्यूट केला आणि पलीकडे उभी असलेली गार्ड मटकन बाकावर बसली. माझ्या गालावर उमटलेली बोटं हवालदारांना दिसली. मग काय, ठाणं पेटलंच. "आमच्या मॅडमवर हात टाकला! हिला आत्ताच्या आत्ता घरी पाठवा!" जो तो ओरडत होता.  साहेब सगळ्यांना घेऊन कॅमेऱ्याच्या खोलीत गेले. कोठडीवर कॅमेरा होता, पण त्यातलं चित्र तोवर कुणी कधी काढून बघितलं नव्हतं.

पडद्यावर आवाज नव्हता, नुसती माणसं हलत होती. मी तिकडे बघितलंच नाही. स्वतःला मार खाताना बघायची हौस कुणाला असते? मी साहेबांकडे बघत होते. एकदम सगळ्या खोलीतून "आई गं!" असा आवाज निघाला. म्हणजे मला बसलेली थप्पड आली.

"मागं घ्या," साहेब म्हणाले.

चित्र मागे नेलं. या वेळी साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही बघा पयली. तवा खोलीत चिडीचूप. आन् ही दुसरी. हिला आई गं. हात एकच, माप एकच. मग आवाज दुसरीलाच का निघाला वो?"

  हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, ती चोर हाय."

"हाय की. चोरीची शिक्षा कोर्ट देईल. थोबाडीत मारायची शिक्षा कंच्या कलमात हाय त्ये मला दावा. मी नोकरीभर हुडकतोय."

मग त्यांनी त्या बाईला बाहेर बोलावलं आणि गादीच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. ती खुर्चीच्या कडेला टेकली. "नगो सायेब, मी चोर हाय. माझी कोण तक्रार घेतंय?"

"मी घेतोय. तुमी चोर हायसा त्यो कागूद येगळा. ह्यो कागूद येगळा. सांगा पावणं, काय झालं?"

हे चाललं असतानाच वरून फोन आला. स्पीकरवर, नेहमीप्रमाणे. इथे एक सांगायला हवं. जिल्ह्यातल्या पोलिसांनी कसं वागावं याचे नियम लिहायला एक समिती नेमायची होती आणि तिच्यावर साहेबांचं नाव नक्की झालं होतं. आयुष्यभर ज्या रीती ते एका ठाण्यापुरत्या चालवत आले, त्या आता सगळ्या जिल्ह्याला लागणार होत्या. निवृत्तीच्या तोंडावर त्यांना एवढं एकच हवं होतं, हे ठाण्यातला पाणी भरणारा माणूससुद्धा जाणून होता.

"त्या गार्डला मॅडमची माफी मागायला लावा आणि विषय संपवा," वरिष्ठ म्हणाले. "त्या चोर बाईची तक्रार घेतलीत तर चौकशी बाहेरची येईल. आणि पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील. गुन्हा नाही, नोंद नाही, मग एक महिला अधिकारी कोठडीत होतीच कशी? समिती मग विसरा तुम्ही."

"प्रश्न बरोबरच हाय, साहेब," आमचे साहेब म्हणाले. "मलाच आधी पडाय पायजे हुता."

फोन बंद झाला.  "सर, समिती राहिली तर सगळ्या जिल्ह्याचं भलं होईल," मी म्हणाले. "एका थपडेसाठी एवढं सोडायचं?"

"एका कुठं, मॅडम? दोन हायत की."

 त्यांनी बाईचा जबाब स्वतः लिहून घेतला, तिचा अंगठा घेतला, आणि त्याच कागदाखाली स्वतःविरुद्ध लिहिलं, की महिला उपनिरीक्षकाला नोंद न करता कोठडीत बसवण्याचा आदेश माझा. मग पेन ठेवून बोलले. इतका हळू आवाज मी त्यांचा पुन्हा ऐकला नाही.

"चूक माझीच. आत कोण बसलंय त्ये बदलीच्या गार्डला सांगायची रीत मी घातली न्हाय. पण मॅडम, सांगितलं असतं तर तुमाला मार बसला नसता. हिला बसलाच असता, आन् आपल्याला कळलंबी नसतं. इतकी वर्सं माणसं आत बसवली. समदी सॅल्यूट घेऊन बसली. दार आतनं कुणाला दिसलंच न्हाय. तुमाला दिसलं."

 गाल तापला होता, आणि हा माणूस मला सांगत होता की त्याच्या इतक्या वर्षांच्या रीतीत खरी शिकलेली मी पहिलीच. त्यांचा राग यावा की त्यांच्या पाया पडावं, ते मला कळेना.

समितीवरचं नाव त्याच आठवड्यात गेलं. चौकशी वर्षभर रेंगाळली. साहेबांनी त्या गार्डच्या ड्यूटीचा तक्ता स्वतः मिळवून चौकशीला जोडला. त्या आठवड्यात तिला घरी जायलासुद्धा मिळालेलं नव्हतं. "मारलं त्ये चूकच," ते म्हणाले, "पण चूक एकटीच्या गळ्यात बांधायची न्हाय." तिला ठपका बसला. साहेबांवर अधिकाराबाहेर वागल्याचा दोष ठेवला गेला आणि त्यांना नियंत्रण कक्षात बसवलं. समितीचं नियमांचं पुस्तक दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. गुळगुळीत मुखपृष्ठ, वाक्यं सगळी सभ्य. आत बसायची रीत त्यात नव्हती, नसणारच.

साहेबांच्या त्या बदलीचा आदेश आला त्या दिवशी ठाण्यात निरोपाचे पेढे आणले होते. साहेब सकाळीच साध्या कपड्यात आले. हातात आणलेली टोपी, पट्टा आणि मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. "मी पुरुष कोठडीत बसतोय. संध्याकाळपत्तोर. मुख्यालयाचा नवा गार्ड हाय, मला वळखत न्हाय. त्याला सांगू नका."

"सर, चौकशी ह्याच्यावरूनच झालीय!"

"म्हणून आज नोंद करा. अर्ज लिवून दिलाय. माझ्या मर्जीनं बसतोय."

अर्ज खरंच दिलेला होता. मी अक्षरशः डोकं धरलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर जाऊन बसले. आत एक दारुडा होता, तो गज हलवून ओरडत होता. आवाज येत नव्हता, पण तोंड दिसत होतं. साहेब कोपऱ्यात गुडघ्याला मिठी मारून बसलेले. दुपारी गार्ड आला, कुलूप काढून आत गेला, दारुड्याचा शर्ट धरला आणि हात उचलला. मी खुर्चीतून उठलेच. गार्डने क्षणभर वर बघितलं. आणि हात खाली घेतला. बाहेर गेला, पाण्याचा तांब्या आणला, दारुड्याला दिला आणि मग साहेबांनाही दिला.

मला रडू फुटलं. एवढं सगळं गेलं, पण रीत राहिली, असं वाटलं. संध्याकाळी दार उघडायला मी स्वतः धावले. "सर, पाहिलं मी! हात खाली घेतला त्याने! काय म्हणाला तो?"

साहेब कपडे झटकत उठले. "काय म्हणतोय? वर कॅमेऱ्याकडं बघितलं, आन् हात खाली घेतला. शिवी हासडली ती तुमाला ऐकू आली न्हाय."

 मला जे माणूसपण वाटलं होतं ती कॅमेऱ्याची भीती होती. साहेबांना मात्र त्याचं दुःख झालेलं दिसेना. ते शर्टाच्या बाह्या नीट करत होते.

"भिऊन का हुईना, हात खाली आला की. तेवढं माझ्यानं झालं. आता कॅमेरा पोचत न्हाय तितं काय हुतंय, त्ये तुमी बघा." एवढं म्हणून त्यांनी पेढा तोंडात टाकला, दांडी तुटलेला कप वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला आणि स्कूटरला किक मारली. पाठीमागून कुणीतरी सवयीने ओरडलं, "साहेब, कोथमीर!"

आज मी दुसऱ्या एका ठाण्याची प्रभारी आहे. हजर झाले त्या दिवशी सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र बघून घेतलं. पाण्याच्या पिंपापासून कोठडीच्या दारापर्यंत जी बोळकंडी आहे, तिचं वळण एकाही कॅमेऱ्यात येत नाही. आमचे हवालदार म्हणाले, "मॅडम, तेवढाच एक तुकडा सुटतो." ते सहज म्हणाले, पण तिथल्या भिंतीचा रंग कमरेपासून डोक्यापर्यंत घासून गेलेला होता, माणसं दाबून धरल्यासारखा.

केबिन मी रिकामी केली. माझं टेबल आता त्या वळणावर आहे. येणारे विचारतात, मॅडम, इथं कशाला बसता, इथं वारासुद्धा येत नाही.